फोनचे कुलूप रोज वापरता येईल असे हवे

महोदय,

मोबाइलला कुलूप हवे याबद्दल दुमत नाही; पण ते उघडताना दिवसभर दमछाक होत असेल, तर माणूस ते काढूनच टाकणार. हुपरीत चांदीला पॉलिश करणाऱ्या कारागिरांच्या बोटांवरच्या रेषा झिजतात, मार्केट यार्डात गुळाचे रवे उचलणाऱ्या हमालांचे हात चिकट असतात. अशांसाठी बोटाच्या ठशाची सोय नावापुरतीच उरते आणि पिन म्हणून १२३४ किंवा जन्मसाल येते. चार आकड्यांच्या १० हजार, तर सहा आकड्यांच्या १० लाख जुळण्या होतात, त्यामुळे दोन आकडे वाढवण्याचा त्रास नक्कीच सोसण्याजोगा आहे.

मला अधिक काळजी वाटते ती ओटीपीची. अनेक फोनवर तो कुलूपबंद पडद्यावरही झळकतो, आणि सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातले की संदेश तिकडेच येऊ लागतात, म्हणजे चोराला कुलूप उघडण्याची गरजच पडत नाही. पडद्यावरचा मजकूर लपवणे आणि सिमला स्वतंत्र पिन लावणे, या दोन्ही सोयी फोनमध्येच आहेत, आणि रोजच्या वापरात त्यांचा फारसा जाच होत नाही, कारण सिमचा पिन फोन नव्याने सुरू केल्यावर किंवा सिम दुसऱ्या फोनमध्ये घातल्यावरच विचारला जातो. मात्र तो तीनदा चुकल्यास सिम अडकते आणि कंपनीकडून ते पुन्हा उघडणारा पीयूके क्रमांक घ्यावा लागतो, हे आधी सांगायलाच हवे. राजारामपुरीतील मोबाइल विक्रेत्यांनी नव्या फोनला काच बसवतानाच ही दोन सेटिंग ग्राहकासमोर लावून द्यावीत. पिन मात्र ग्राहकालाच टाकू द्यावा.

– एक वाचक, कोल्हापूर