गवंडी मामा, तुमचे आभार मानायचे राहूनच गेलेत

मामा, पत्र तुम्हालाच आहे पण सगळ्यांसमोर लिहितोय, कारण तुमचा पत्ता माझ्याकडे नाही आणि औसा तालुक्यातलं कुणी ना कुणी हे वाचेलच. ज्याला ओळख पटेल त्याने तुम्हाला नाहीतर तुमच्या घरच्यांना वाचून दाखवा, एवढी विनंती.

किल्लारीच्या भूकंपानंतरचा दुसरा उन्हाळा होता, १९९५ चा. आम्ही नगरच्या चर्चच्या तरुण संघाची पोरं-पोरी पाळकसाहेबांबरोबर एसटीने तुमच्या गावात उतरलो. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ ही नावं तोवर पेपरातून सगळ्यांना पाठ झाली होती, तिथली गावंच नव्याने वसवायचं चाललं होतं, पण तुमच्यासारखी कितीतरी गावं होती जिथे घरं पडली नव्हती, नुसती तडकली होती, आणि लोक वर्ष दीड वर्ष झालं तरी पत्र्याच्या शेडमध्ये नाहीतर अंगणात झोपत होते. दगडाच्या भिंतीखाली पाठ टेकायची कुणाची हिंमत होत नव्हती, आणि का व्हावी, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना जे झालं त्यात सरकारी आकड्यानेच आठ हजारांच्या आसपास माणसं गेली, आदल्या रात्री गणपती बोळवून लोक दमून झोपले होते.

तुमची लेक किल्लारीत दिलेली होती हे आम्हाला गावातल्या एका मावशीने सांगितलं, तुम्ही स्वतः कधीच बोलला नाहीत. रोज सकाळी आमच्या आधी भिंतीपाशी हजर असायचात.

भिंत कशी पडते ते तुम्ही आम्हाला पहिल्याच दिवशी उघडून दाखवलंत. दोन अडीच फूट जाड भिंत, बाहेरून बघितली तर किल्ल्यासारखी, पण आत दोन वेगळे थर आणि मधे नुसती माती आणि बारीक दगड, दोन्ही थरांना जोडणारा एक दगड नाही. वर माळवद, म्हणजे लाकूड-मातीचं सपाट छप्पर, त्यावर वर्षानुवर्षं टाकत आलेली माती, तिचं केवढं ओझं! हादरा बसला की एक थर आत आणि एक बाहेर. कितीतरी ठिकाणी लाकडी खांब तसेच उभे राहिले आणि भिंतींनी माणसं मारली. म्हणून आधी माळवदावरची जास्तीची माती उतरवायची, खांब आणि तुळईच्या कोपऱ्यात तिरप्या लाकडाचा आधार द्यायचा, आणि भिंतीत साधारण दर मीटरला आरपार भोक पाडून दोन्ही टोकांना वाकवलेली सळई घालून काँक्रीट भरायचं. दगड काढताना ठोकायचा नाही, हळूहळू हलवून सैल करायचा, नाहीतर शेजारचे दगड सुटतात. हे तुम्ही आमचा हात हातात धरून शिकवलंत, पोरींनासुद्धा, गावातले काही जण नाक मुरडत होते तरी.

पण मला मनापासून आभार मानायचेत ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. कुठल्याही घरात हत्यार लावायच्या आधी तुम्ही घरच्या बाईला बोलवायचात आणि विचारायचात, चूल कुठं ठेवू, रांजण कुठं, देवळी इथंच राहू दे का सरकवू. ज्या आजीचं घर आम्ही आधी केलं तिची तर भिंतीतली देवळी ढासळली होती, आणि सरकारी नकाशात देवळी कुठून असणार. तुम्ही अर्धा दिवस घालवून तिला ती परत करून दिलीत, तिच्या हाताच्या उंचीला, देव ठेवायला. आम्ही सगळे ख्रिस्ती, देवळीसाठी घमेली उचलली, आणि आमचे पाळकसाहेब स्वतः पाणी मारत होते, मे महिन्यात, टँकरच्या पाण्यातून वाचवून वाचवून.

त्यावरून आठवलं. पारावर कुणीतरी विचारलं होतं, ही पोरं धर्म बदलायला आलीत काय. पाळकसाहेबांनी निघतानाच बजावलं होतं की पत्रकं न्यायची नाहीत, प्रार्थना आपली आपण सकाळी शाळेत करायची, पण आमच्या बोलण्यावर कोण विश्वास ठेवणार होतं? तुम्ही उठून म्हणालात, "लेकरं काय करलालेत ते डोळ्यानं बघा की, चला भिंतीपाशी." आणि खरंच घेऊन आलात त्यांना. त्यातले दोघं दुसऱ्या दिवसापासून आमच्याबरोबर वाळू चाळायला लागले आणि त्यांच्या घरून ज्वारीच्या भाकरी आणि येसराची आमटी यायला लागली, तशी आमटी मी नंतर कुठेच खाल्ली नाही.

मामा, ज्या माणसाची लेक दगडमातीच्या भिंतीखाली गेली त्याने परत दगडमातीच्याच भिंतीला हात लावायचा, दुसऱ्यांची लेकरं आत निर्धास्त झोपावीत म्हणून, हे तेव्हा विशीत मला पूर्ण कळलं नव्हतं. आता मला मुलगी आहे, आता कळतं, आणि लिहिताना हात थांबतो.

२००१ ला भूजच्या भूकंपानंतर आमच्यातले दोघं तिकडे मदतीला गेले, त्यांनीही आधी घरच्या बाईला विचारलं, चूल कुठं हवी. त्यांनी मला फोनवर सांगितलं तेव्हा म्हटलं हे मामांना कळवायला पाहिजे, आणि ते आज कळवतोय. तुमचे खूप खूप आभार मामा. काकूंना आमचा सगळ्यांचा नमस्कार सांगा.

तुमचा,
नगरचा, घमेलं उचलणारा उंच पोरगा