बाकडी नकोत, पहारी द्या: गाढी खोऱ्यातल्या पायवाटांसाठी आवाहन

नमस्कार.

पाऊस सरला की खारघर, बेलापूर, नेरुळची बरीच मंडळी रविवारी सकाळी गाढी नदीच्या खोऱ्याकडे वळतात. माथेरानच्या डोंगरातून उतरून पनवेलच्या खाडीला मिळणारी ही नदी, कडेला भातखाचरं, वर वाड्या आणि जंगल. गड चढणं ज्यांना नको किंवा आता झेपत नाही, ज्यांचे गुडघे कुरकुरतात किंवा ज्यांच्या हाताला नातवंडं असतात, त्यांना वाजे, मालडुंगे, धोदाणी या पट्ट्यातल्या सोप्या वाटा फार सोयीच्या पडतात. पण या वाटा दर पावसाळ्यात मोडतात. त्या नीट करायला आमच्या मंडळाला माणसं, अवजारं आणि थोडे पैसे हवे आहेत.

काय नको, ते आधी सांगतो. वडिलांच्या स्मरणार्थ बाकडं नको, नावाची पाटी नको आणि पेव्हर ब्लॉक तर मुळीच नकोत. उतारावर ब्लॉकखालची वाळू पहिल्या दोन-चार सरींत निघून जाते, ब्लॉक पोकळ राहतो आणि गुरांचे पाय त्यात अडकतात. ही वाट आधी वाडीवरच्या लोकांची आहे. शाळेची पोरं, डोक्यावर मोळी घेतलेल्या बाया, गुरं रोज इथूनच जातात. आपण रविवारचे पाहुणे.

वाट मोडते ती पावलांनी कमी आणि पाण्याने जास्त. माणूस जवळचा मार्ग धरतो, म्हणजे उताराला सरळ खाली. जूनमध्ये पाणीही तोच मार्ग धरतं. पायांनी दबलेल्या मातीत ते मुरत नाही, मुरूम ओढत खाली धावतं आणि श्रावण येईतो वाटेच्या मधोमध घळ पडलेली असते. मग लोक घळ टाळून कडेने चालतात, कडेचं गवत मरतं आणि पुढच्या पावसात कडही सुटते.

म्हणून सगळं काम पाणी वाटेवरून चटकन बाजूला काढायचं. वाट जिथे सपाट जाते तिथे तिला उताराच्या बाजूने किंचित कल द्यायचा, तीन फुटांच्या रुंदीला दीड-दोन इंच पुरे. चढावर आडवे चर काढायचे, पण काटकोनात नाही, साधारण ४५ अंशांत तिरपे. काटकोनातला चर गाळाने भरतो आणि महिन्याभरात बुजतो. चराच्या खालच्या अंगाला दगडांची रांग बसवायची, दगडाचे दोन हिस्से जमिनीत आणि एक वर. मध्यम चढावर असा चर ३०-४० फुटांवर, उभ्या चढावर १५-२० फुटांवर लागतो. पाणी जिथे बाहेर पडतं तिथे गोटे अंथरले नाहीत तर तिथेच नवी घळ सुरू होते. आणि चराचं तोंड कुणाच्या खाचरावर काढायचं नाही. वाट वाचेल, पण त्या शेतकऱ्याचा बांध फुटेल.

जिथे चरांनी भागत नाही तिथे दगडी पायऱ्या. त्या खालून वर बांधत जायच्या, म्हणजे वरचा दगड खालच्याच्या मागच्या कडेवर थोडा टेकतो आणि दोन्ही एकमेकांना धरून राहतात. वरून सुरुवात केली की शेवटची पायरी हमखास अधांतरी राहते. उंची सहा इंचांच्या वर नको. आपल्याला आठ इंचही चालतील, मोळी घेतलेल्या बाईला नाही. पाऊल टेकायला किमान एक फूट जागा हवी. मागे बारीक दगड आणि मुरूम ठेचून भरायचा, एका पायरीला चार-पाच घमेली तरी जातात. पाच जणांच्या तुकडीच्या दिवसभरात सहा-सात पायऱ्या होतात. घाईने दहा केल्या तर पुढच्या वर्षी त्यातल्या निम्म्या पुन्हा कराव्या लागतात.

यासाठी दगड ओढ्याच्या काठावरून काढायचे नाहीत, काठ सुटतो. शेताचे गडगे, म्हणजे रचलेल्या दगडांची कुंपणं, तीही मोडायची नाहीत. सुटा दगड उचलण्याआधी पहार घालून तो आपल्याकडे कलवायचा, म्हणजे त्याखाली फुरसं किंवा विंचू असला तर त्याला पलीकडे वाट मिळते. दगडाखाली बोटं कधीच घालायची नाहीत, हातमोजे असले तरी.

ओढा ओलांडायला आम्ही सिमेंटचा बांध घालत नाही. पहिल्या पावसात वलगणीचे मासे प्रवाहाविरुद्ध वर चढतात, बांध त्यांना अडवतो. पात्र जिथे रुंद आणि उथळ असेल तिथे मोठे, माथा सपाट असलेले दगड अर्धे तळात गाडून ठेवतो. दोन दगडांमधलं अंतर दीड ते दोन फूट. त्याहून जास्त ठेवलं तर तरणी माणसं उड्या मारत जातात आणि साठीच्या पुढची माणसं काठावर उभी राहतात. चिंचोळ्या जागी बसवलेले दगड पुरात टिकत नाहीत.

रान साफ करण्याचं काम सोपं वाटतं, पण तिथेच जास्त चुका होतात. घाणेरी वरवर छाटली तर दुप्पट फुटते, ती मुळासकट उपटावी लागते, तीही फळं काळी होण्याआधी. कारवीला हात लावायचा नाही, उताराची माती तिनेच धरलेली असते. खाजकुइलीच्या वेलाचं वेगळंच. शेंगा वाळल्यावर कोयता मारला की कुसं हवेत उडतात आणि दहा जणांचं काम तिथेच थांबतं. वेल हिरवा असतानाच बुंध्याशी तोडायचा. लागलीच खाज, तर चोळू नका. चिकटपट्टी लावून कुसं ओढून काढा, मग पाण्याने धुवा, आणि ते कपडे घरी वेगळे धुवा, नाहीतर घरच्यांनाही प्रसाद मिळेल. वाटेवरच्या फांद्या आठ फुटांपर्यंत काढायच्या, कारण डोक्यावर भारा असतो.

वर्षात या कामाला दोन-अडीच महिनेच मिळतात. दिवाळीनंतर माती ओलसर असते, टिकाव आत जातो. संक्रांतीनंतर मुरूम दगडासारखा होतो आणि त्याच चराला तिप्पट वेळ लागतो. मेअखेरीस आणखी एक रविवार चरांची तोंडं साफ करायला लागेल, त्यासाठी दहा जण पुरेत. दिवाळीनंतरच्या या दिवसांत भातं निघालेली असतात आणि खाचर रिकामं दिसतं, पण ते रिकामं नसतं. जमिनीच्या ओलीवर त्यात वाल पेरलेला असतो. म्हणून घोळक्याने शेतातून आडवं जायचं नाही, बांधावरून एकामागे एक. पुढे फेब्रुवारी-मार्चमध्ये शेतात धूर दिसला तर लगेच वणवा समजून फोन फिरवू नका, बहुतेक वेळा तो राब असतो, म्हणजे भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा टाकून जमीन भाजणं.

वाटेचा जो भाग वनखात्याच्या हद्दीत येतो, तिथे लेखी परवानगी हातात आल्याशिवाय कुदळ लागणार नाही. खासगी जमिनीवर मालकाचा होकार आणि गावात ग्रामपंचायतीला आधी कळवणं, हे दोन्ही मंडळ करेल.

आता मागणी. पंचवीस जणांच्या दिवसाला पाच फुटी चार पहारी, सहा टिकाव, सहा फावडी, चार कोयते आणि वीस घमेली लागतात. घमेली नेहमी कमी पडतात, कारण मुरूम वाहणारे हातच सगळ्यांत जास्त. लोखंडी द्या, प्लॅस्टिकची काठाला चिरतात. जुनी गोणपाटं भरपूर हवीत, दगड त्यावर ठेवून ओढला की पाठ वाचते. चामडी हातमोजे, मोठ्या मापाचेही. अवजार जुनं चालेल, दांडा घट्ट हवा.

पैसे दोनच गोष्टींवर जातील: दगड बसवणाऱ्या वाडीवरच्या जाणत्या लोकांची पूर्ण मजुरी आणि अवजारांची ने-आण. दगडाचा चेहरा ओळखून तो एका फटक्यात बसवणं हे त्यांचं कसब आहे, ते फुकट मागणं बरं नाही. देणगी कितीही लहान असो, पावती मिळेल आणि हिशेब कामाच्या शेवटच्या रविवारी सगळ्यांसमोर वाचला जाईल.

ज्यांना नुसते हात द्यायचे आहेत त्यांनी सकाळी सातला हजर राहावं, काम साडेअकराला थांबतं. पूर्ण बाह्यांचा शर्ट, जाड तळाचे बूट, दोन लिटर पाणी. मोज्यांवरून पॅन्ट, आत खोचलेली नको, कुसळं तिथेच साठतात. भाकरी-भाजी वाडीवर सांगितलेली असते, तिचे पैसे ज्याने त्याने तिथेच द्यायचे. वजन उचलता येत नसेल तरी या. चरांची तोंडं मोकळी करणं आणि मुरूम चाळणं बसून होतं. आदल्या रात्री अवकाळी पाऊस झाला तर काम पुढच्या रविवारी, कारण ओल्या चिखलात बसवलेला दगड वाळल्यावर हलतो.