घरातल्या हिंसेचा आकडा कोणी, कोणाला विचारून काढला?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

कौटुंबिक हिंसाचार आणि मुलांवरील अत्याचार यांविषयी आपल्या दैनिकात अलीकडे जो वृत्तान्त आला, त्यात नोंदवलेल्या तक्रारींचा चढता आकडा देऊन घरे पूर्वीपेक्षा अधिक हिंसक होत चालली आहेत, असा निष्कर्ष काढला होता. शेवटी, लहानपणी मार खाल्लेला माणूस मोठेपणी स्वतः मारणाराच होतो, असे एक वाक्यही जोडले होते. मी काही वर्षे अशा पाहण्यांसाठी घरोघरी जाऊन मुलाखती घेण्याचे काम केले आहे. ही दोन्ही विधाने वाचून मी अस्वस्थ झाले, म्हणून हे पत्र थोडे सविस्तर लिहीत आहे.

या विषयातील संशोधनाचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवते. पुरावा समोर असतो, पण विचारायचे धाडस कोणी करत नाही. न्यूयॉर्कचे क्ष-किरणतज्ज्ञ जॉन कॅफी यांनी १९४६ मध्ये सहा तान्ह्या मुलांविषयी लिहिले. त्यांच्या मेंदूच्या आवरणाखाली रक्त साचले होते आणि हातापायांची लांब हाडे अनेक ठिकाणी मोडलेली होती, पण इतकी हाडे मोडावीत अशा दुखापतीची हकिगत एकाही घराने सांगितली नव्हती. कॅफी यांनी निरीक्षण नोंदवले, मात्र कारण उघडपणे लिहिले नाही. त्यानंतर सोळा वर्षांनी, १९६२ मध्ये, डेन्व्हरचे बालरोगतज्ज्ञ हेन्री केम्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७१ रुग्णालयांकडून माहिती मागवली. एका वर्षातील ३०२ मुलांची नोंद हाती आली. त्यांपैकी ३३ मुले दगावली होती आणि ८५ जणांच्या मेंदूला कायमची इजा झाली होती. 'मारहाण झालेल्या मुलाची लक्षणे' असे नाव त्यांनी या चित्राला दिले, तेव्हा कुठे वैद्यकविश्वाला ते दिसू लागले. ही मुले १९६२ मध्ये अचानक मार खाऊ लागली नव्हती.

आता तक्रारींच्या आकड्याकडे येते. केम्प यांच्या लेखानंतर पाचेक वर्षांतच अमेरिकेतील सर्व राज्यांनी डॉक्टर आणि इतर व्यावसायिकांवर संशय कळवण्याचे बंधन घालणारे कायदे केले. १९७४ मध्ये तेथे बालअत्याचाराच्या सुमारे ६० हजार तक्रारी नोंदल्या गेल्या होत्या. १९८० पर्यंत त्या दहा लाखांच्या पुढे गेल्या आणि १९९० मध्ये वीस लाखांच्या वर. सहा वर्षांत आईवडील सोळापट क्रूर झाले, असे कोणीही समंजस माणूस म्हणणार नाही. कळवण्याची वाट तयार झाली, कळवणारे वाढले आणि 'अत्याचार' या शब्दाची व्याख्याही रुंदावली. म्हणूनच तक्रारींचा आकडा सर्वप्रथम त्या नोंदणाऱ्या यंत्रणेविषयी सांगतो आणि घराविषयी बरेच कमी.

याच काळात अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ मरे स्ट्रॉस आणि रिचर्ड गेलेस यांनी तेथील कुटुंबांनाच थेट विचारले. त्यांच्या १९७५ च्या पाहणीत २,१४३ आणि १९८५ च्या पाहणीत ६,००२ घरे होती. दहा वर्षांत मुलांवरील अतितीव्र हिंसेचे प्रमाण ४७ टक्क्यांनी कमी झाल्याचे त्यांना आढळले. म्हणजे नोंदी चढत होत्या आणि पाहणी उतार दाखवत होती. मात्र पहिली पाहणी समोरासमोर बसून झाली होती आणि दुसरी टेलिफोनवरून. हा फरक संशोधकांनी स्वतःच मांडला आणि त्यावर पुढे पुष्कळ वाद झाला. हिंसा खरोखर घटली, की असे वागणे लाजिरवाणे वाटू लागल्याने लोक ती लपवू लागले, हा प्रश्न त्या आकड्यांवरून पुरता सुटत नाही. स्ट्रॉस यांच्या प्रश्नावलीवर आणखी एक रास्त आक्षेप होता. किती वेळा ढकलले, किती वेळा थप्पड मारली, हे ती मोजत असे, परंतु कोण कोणाला घाबरून जगत होते, हे तिच्यातून कळत नसे. १९९६ च्या सुधारित आवृत्तीत इजा आणि लैंगिक बळजबरी यांचे प्रश्न आले, पण भीतीचे मोजमाप करणे अजूनही अवघडच आहे.

कोणाला विचारले, यावर उत्तर किती अवलंबून असते, याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे जगभरच्या अभ्यासांचे २०११ मध्ये झालेले एकत्रित विश्लेषण. बालपणी लैंगिक अत्याचार झाला का, असे माणसांना स्वतःबद्दल विचारले, तेव्हा हजारी १२७ जणांनी होय म्हटले. डॉक्टर, शिक्षक किंवा समाजसेवक अशा इतरांच्या माहितीवर आधारलेल्या अभ्यासांत हेच प्रमाण हजारी चार होते. विषय एकच आणि फरक तीसपटींचा. आपल्या वृत्तान्तातील तक्रारी सोसणाऱ्यांनी स्वतः केल्या होत्या की इतरांनी कळवल्या होत्या, हे वाचकाला कळायला कोणताही मार्ग नव्हता.

मुलाखतीच्या कामात मला जे शिकवले गेले, ते येथे सांगावेसे वाटते. प्रशिक्षणात पहिला प्रश्न असे, 'बाई एकटी आहे का?' जागतिक आरोग्य संघटनेने स्त्रियांवरील हिंसेच्या संशोधनासाठी सुरक्षिततेचे जे नियम २००१ मध्ये प्रसिद्ध केले, त्यांनुसार एका घरातून एकाच स्त्रीची मुलाखत घ्यायची असते आणि त्या वेळी दोन वर्षांहून मोठे मूलही जवळ नसावे लागते, कारण अडीच वर्षांचे मूल ऐकलेले वाक्य संध्याकाळी बापासमोर बोलून दाखवू शकते. कोणी आत आले तर मुलाखतकाराने तत्क्षणी दुसऱ्या, निरुपद्रवी प्रश्नांकडे वळायचे असते. पाहणीचे नावही 'स्त्रियांचे आरोग्य' असे काहीतरी ठेवतात. बाहेरून ही लपवाछपवी वाटेल, पण एका उत्तराची किंमत त्या स्त्रीने रात्री मार खाऊन मोजावी, हे कोणत्याही ज्ञानासाठी चालणार नाही. एकदा एका घरी मी सारे प्रश्न विचारून झाल्यावर उठले. त्या बाईंनी प्रत्येक प्रश्नाला शांतपणे 'नाही' म्हटले होते. मला दारापर्यंत सोडायला आल्यावर त्यांनी हळूच विचारले, 'पुन्हा येणार आहात का तुम्ही?' माझ्या प्रश्नावलीत त्या घराची नोंद हिंसा नसलेले घर अशीच राहिली.

प्रौढांच्या आठवणींविषयीही सावध राहावे लागते. १६ अभ्यासांतील २५ हजारांहून अधिक लोकांची माहिती एकत्र करून २०१९ मध्ये असे दिसून आले की, ज्यांच्या बालपणातील अत्याचार त्या वेळीच नोंदला गेला होता, त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिक जणांनी मोठेपणी विचारल्यावर तो सांगितला नाही. उलट ज्यांनी मोठेपणी सांगितला, त्यांच्यापैकीही निम्म्याहून अधिक जणांची त्या काळची नोंद सापडली नाही. यावरून कोणाला खोटे ठरवायचे नसते. नोंदीत सापडणारी मुले आणि आठवणीत सापडणारी माणसे हे बऱ्याच अंशी दोन निराळे समूह आहेत, आणि एकावरचे निष्कर्ष दुसऱ्याला सरसकट लावता येत नाहीत.

आता त्या शेवटच्या वाक्याविषयी. कॅथी स्पॅट्झ विडम यांनी बालपणी अत्याचार किंवा हेळसांड सोसलेल्या ९०८ मुलांची तशाच परिस्थितीतील इतर ६६७ मुलांशी तुलना केली आणि १९८९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. अल्पवयात अटक झालेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात २६ टक्के होते आणि दुसऱ्या गटात १७ टक्के. हा फरक खरा आहे आणि तो नाकारता कामा नये, पण पहिल्या गटातील जवळजवळ तीन-चतुर्थांश मुलांना त्या वयात अटक झाली नाही, हेही त्याच तक्त्यात आहे. लहानपणी मार खाल्लेल्या पालकांपैकी किती जण आपल्या मुलांवर अत्याचार करतात, याचा उपलब्ध अभ्यासांवरून जोन कॉफमन आणि एडवर्ड झिग्लर यांनी १९८७ मध्ये मांडलेला अंदाज सुमारे ३० टक्के होता. विडम यांच्याच २०१५ च्या अभ्यासात असे दिसले की, बालपणी अत्याचाराची नोंद असलेले पालक यंत्रणेच्या नजरेत अधिक सहजपणे येतात. तशीच कृती करणारे, पण नोंद नसलेले पालक त्या नजरेतून सुटतात. म्हणजे ज्या साखळीचा आपण पुरावा मानतो, तिचा काही भाग आपल्या पाहण्याच्या पद्धतीनेच तयार होतो.

ते वाक्य सकाळी कोणी वाचले असेल, याचा मी विचार करत राहिले. मार खात वाढलेली आणि आपल्या मुलावर हात उगारायचा नाही असा निश्चय रोज पाळणारी आई ते वाचते, तेव्हा तिला स्वतःचीच भीती वाटू लागते. ही साखळी तोडणाऱ्या स्त्रियांचा जो अभ्यास झाला आहे, त्यात आधार देणारी एक प्रौढ व्यक्ती लहानपणी मिळणे, पुढे समुपदेशन मिळणे आणि साथ देणारा जोडीदार असणे या गोष्टी पुढे आल्या. बातमीत या गोष्टी आल्या असत्या, तर त्या आईला काही उपयोग झाला असता.

एक गोष्ट वृत्तान्तात मुळीच नव्हती. पत्नीला होणारी मारहाण आणि मुलांना होणारी मारहाण यांची दप्तरे वेगळी असतात, पण घर एकच असते. न्यूयॉर्क राज्यातील एलमायरा येथे १९७७ पासून डेव्हिड ओल्ड्स यांनी ४०० गर्भवती स्त्रियांवर एक प्रयोग केला. त्यांच्यापैकी काहींच्या घरी परिचारिका बाळ दोन वर्षांचे होईपर्यंत नियमित जात असत. पंधरा वर्षांनंतर या घरांतील बालअत्याचाराची सिद्ध प्रकरणे तुलनेतील घरांपेक्षा जवळजवळ निम्मी होती. परंतु ज्या घरांत आईलाच वारंवार मारहाण होत होती, तेथे हा लाभ दिसला नाही, असे २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणातून स्पष्ट झाले. आई सुरक्षित नसेल, तर मुलासाठी आखलेली उत्तम योजनाही त्या दाराशी थांबते.

माझी विनंती मोजकी आहे. असा आकडा छापताना तो तक्रारींचा आहे की पाहणीचा, उत्तर कोणी दिले आणि त्या वेळी जवळ कोण होते, एवढे त्याच परिच्छेदात द्यावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या दहा देशांतील, सुमारे २४ हजार स्त्रियांच्या पाहणीत मुलाखतीच्या शेवटी एक चित्रकार्ड देत असत. बालपणी लैंगिक अत्याचार झाला असेल तर रडणाऱ्या चेहऱ्यावर खूण करायची, नसेल तर हसऱ्या चेहऱ्यावर आणि कार्ड कोणालाही न दाखवता बंद करून परत द्यायचे. बहुतेक ठिकाणी तोंडी उत्तरांपेक्षा या कार्डांवरचे प्रमाण अधिक निघाले. तासभर विश्वासाने बोलल्यानंतरही ज्यांच्या तोंडून 'नाही'च आले होते, अशा काही स्त्रियांनी त्या कार्डावर रडणाऱ्या चेहऱ्यावर खूण केली होती.

आपली विश्वासू,
एक निवृत्त क्षेत्र-संशोधक