डाव्या हाताने डिस्क टाकून बघणाऱ्या काकांना

काका,

तुमचं नाव मला माहीत आहे, पण ते इथे लिहीत नाही. चारचौघांत नाव घेतलं की तुम्ही अवघडता, हे त्या दिवशीच लक्षात आलं होतं. आभार मात्र मला चारचौघांतच मानायचे आहेत, कारण माझ्या थ्रोला जे हसले, तेही चारचौघांतच हसले होते.

ज्यांनी आपल्या कॉलेजच्या आवारातला डिस्क गोल्फचा कोर्स पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी एवढंच सांगते. डिस्क गोल्फ म्हणजे प्लॅस्टिकची चपटी डिस्क कमीत कमी थ्रोंत साखळ्या लावलेल्या टोपलीत, म्हणजे बास्केटमध्ये, पाडायची; अशा एकेका टप्प्याला होल म्हणतात. आपला कोर्स ग्रंथालयाच्या मागून सुरू होतो, झाडांच्या रांगांमधून प्रयोगशाळांच्या कडेकडेने जातो आणि वसतिगृहाच्या कोपऱ्याशी एक होल एकदम डावीकडे वळतं. टीवर, म्हणजे पहिला थ्रो करायच्या जागेवर, उभं राहिलं की बास्केट दिसतच नाही, दिसतो तो इमारतीचा कोपरा. हे डावं वळण म्हणजे माझं जुनं दुखणं. कारण मी डावखुरी.

उजव्या हाताने बॅकहँड, म्हणजे हात अंगावरून आडवा नेऊन केलेला थ्रो, टाकला की डिस्क वरून पाहिल्यावर घड्याळाच्या काट्यांसारखी फिरते आणि वेग उतरला की डावीकडे कलते. डाव्या हाताने तोच बॅकहँड टाकला की सगळं आरशातल्यासारखं उलटं होतं, डिस्क शेवटी उजवीकडे जाते. म्हणजे त्या होलवर बाकीच्यांची डिस्क कोपरा ओलांडून आपसूक साखळ्यांकडे वळते आणि माझी थेट पायवाटेकडे, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांत. टीजवळच्या पाटीवर थ्रोची वाट दाखवणारी बाणाची रेघसुद्धा उजव्या हाताचीच.

तुमच्या आधी मला शिकवायला एक कंपू होता. नाव घेत नाही. वाचतील तेव्हा त्यांना कळेलच. नवशिक्यांनी यावं म्हणून यांनीच बोलावलेलं. गेल्या गेल्या माझ्या हातात ड्रायव्हर, म्हणजे लांब टाकायची वेगवान डिस्क, दिला, वर 12 वेगाचा आकडा छापलेला. डिस्कवर चार आकडे असतात: वेग, तरंगणं, सुरुवातीचा कल आणि शेवटचं वळण. त्यांतला पहिला आकडा जेवढा मोठा, तेवढा हात वेगवान लागतो. नवशिक्याच्या हातून असा ड्रायव्हर सुटला की तो धड तरंगतही नाही, थोडं अंतर जाऊन शेवटचं वळण घेऊन मोकळा होतो. हे त्यांना ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. पण प्रत्येक थ्रोनंतर उपाय एकच: "जोर लाव." जोर लावला की "एवढा नको." मग एकाने सुचवलं, "उजव्या हाताने टाकून बघ ना, सोपं जाईल." हा सल्ला मला पेन्सिल धरायला लागल्यापासून मिळत आलाय, त्यामुळे त्याचं नवल वाटलं नाही. नवल याचं वाटलं की एवढे सगळे जण माझ्या उजव्या बाजूला उभे राहून बघत होते आणि मी नेमकी कुठून बघतेय हे बघायला एकही जण या बाजूला आला नाही.

त्यानंतर मी त्यांच्याबरोबर जाणं सोडलं. एकटीच जायचे, कोर्स रिकामा असेल तेव्हा. त्या दिवशी तुम्ही मागून आलात, तेही एकटेच. एकटा खेळणारा भरभर येतो, पुढच्याने त्याला वाट द्यायची असते. मी बाजूला झाले, हातानेच "तुम्ही व्हा पुढे" अशी खूण केली. तुम्ही पुढे झाला असतात तर त्यात गैर काहीच नव्हतं.

पण तुम्ही थांबलात. माझे काही थ्रो बघितलेत, एक अक्षर न बोलता. मग पिशवी पाटीला टेकवून ठेवलीत, आतून एक जुना पटर, म्हणजे जवळून टाकायची हळू डिस्क, काढलात, कडेला झिजून पांढुरका झालेला, आणि तो डाव्या हातात घेतलात.

काका, पुढचं मी कितीतरी जणांना सांगितलंय. तुम्ही अंगठा वर ठेवलात, बोटं खालच्या कडेत रुतवायला गेलात आणि ती नीट बसेनात. पाय सवयीप्रमाणे टाकलेत, थांबलात, पायांकडे बघितलंत, पाय बदललेत. मग हात मागे नेऊन जो थ्रो केलात, तो इतका वाईट होता की सांगायची सोय नाही. डिस्क उशिरा सुटली, कडेवर पडली आणि घरंगळत गटाराच्या जाळीपाशी जाऊन आडवी झाली. बाकावर बसलेली पोरं फिस्स करून हसली. तुम्ही गेलात, डिस्क उचललीत, परत टीवर आलात आणि पुन्हा डाव्याच हाताने टाकलीत. ती झुडपात गेली. पुन्हा आणलीत, पुन्हा टाकलीत. मी मनात म्हणत होते, आता हे म्हणतील "बघ, सोपं नाहीच", आणि जातील. तुम्ही मात्र डिस्क हातात घेऊन माझ्याच जागेवर उभे राहिलात, मान वाकडी करून कोपऱ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "अच्छा! इथून ते झाड आडवं येतं होय. इतकी वर्षं खेळतोय इथे, मला हे झाड कधी दिसलंच नव्हतं."

मला शिकवण्याआधी तुम्ही ते झाड पाहिलंत, यासाठी हे पत्र.

नंतर तुम्ही जे सांगितलंत ते कामाचं होतंच. ड्रायव्हर पिशवीत टाक, सध्या पटर आणि मधल्या पल्ल्याची मिडरेंज पुरे. डावीकडे वळणाऱ्या होलवर फोरहँड, म्हणजे अंगावरून न नेता हाताच्याच बाजूने टाकायचा थ्रो, शिक, कारण डाव्या हाताचा फोरहँड उजव्या हाताच्या बॅकहँडसारखाच फिरतो आणि तसाच डावीकडे वळतो. आणि तळ्याजवळच्या उजव्या वळणाच्या होलवर "तिथे आम्ही रडतो, तू मजेत जाशील" असंही म्हणालात. ते खरं निघालं. तिथे माझी डिस्क वळून बास्केटकडे जाते तेव्हा उजव्या हाताच्या मंडळींची तोंडं बघण्यासारखी असतात, मी बघतेही. पण हे सगळं एखाद्या व्हिडिओतही मिळालं असतं. डाव्या हाताचा तुमचा तो भिकार थ्रो कुठल्या व्हिडिओत मिळाला असता?

त्या दिवशी आपण उरलेला कोर्स एकत्र खेळलो. तुम्ही फार बोलला नाहीत. कॉलेजच्या आवारात खेळायचं म्हणजे अर्धा वेळ थांबण्यात जातो, हे मला तोवर माहीत होतं. थांबायचं कसं, हे तुमच्याकडे बघून कळलं. कानात इअरफोन घालून एक मुलगी फेअरवेमधून, म्हणजे टी आणि बास्केट यांच्या मधल्या पट्ट्यातून, रमतगमत चालली होती. त्या कंपूतल्यांनी "फोर!" (म्हणजे "सांभाळा!") ओरडून तिच्या डोक्यावरून डिस्क सोडली असती, मी पाहिलंय त्यांना तसं करताना. जणू ओरडलं की आपली जबाबदारी संपली. तुम्ही डिस्क खाली केलीत आणि ती पार कोपऱ्यापलीकडे जाईपर्यंत उभे राहिलात. तिला कळलंही नाही की तिच्यासाठी कोणी थांबलंय. डिस्क पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास असते, कड धारदार नसली तरी कडक असते. लागली की लागते.

आणखी एक. फरसबंदी वाटेवर किंवा तिच्या पलीकडे गेली की डिस्क बाद, एका थ्रोचा दंड. तुमची डिस्क वाटेच्या अगदी कडेला पडली होती. हद्दीतल्या गवताला जराशी जरी टेकली असती तरी चाललं असतं, आणि मी लांबूनच म्हणून टाकलं, "आत आहे." तुम्ही गुडघ्यावर बसून बघितलंत. गवताची एक काडीही टेकत नव्हती. उठलात आणि स्वतःच्या नावापुढे एक वाढवून लिहिलंत. आपण दोघंच, ना स्पर्धा, ना बक्षीस. मला पटकन हसू आलं, पण तुमच्या चेहऱ्यावर विनोद केल्याची काही खूण नव्हती.

हा खेळ मला त्या दिवशी जरा वेगळा दिसला. साध्या खेळात पंच नसतोच. आपला दंड आपणच सांगायचा. हरवलेली डिस्क कोणाला सापडली तर खालच्या बाजूला लिहिलेल्या नंबरवर फोन करायचा, बहुतेक जण करतात. चांगुलपणावर एवढा भार टाकलेले खेळ फार नसतील. मोठमोठ्या मैदानांवर कॅमेरे लावूनही जे जमत नाही ते इथे एक माणूस गुडघ्यावर बसून करतो, कोणी बघत नसताना. सभ्य माणसं सगळीकडे असतात, मला खात्री आहे; फक्त ती आवाज करत नाहीत, त्यामुळे आधी भेटतात ती दुसरीच.

साखळ्यांच्या बास्केटची गोष्टही तुम्हीच सांगितलीत. आधी लोक दिव्याचे खांब, झाडं, कचऱ्याचे डबे यांनाच होल समजून खेळायचे, मग डिस्क लागली की नाही यावरून वाद. मग एड हेड्रिक या गृहस्थाने डिस्कला अडवून खाली टोपलीत पाडणाऱ्या साखळ्यांची कल्पना काढली. 1975 साली कॅलिफोर्नियात पहिला कायमचा कोर्स उभा राहिला आणि बास्केटचं पेटंट त्याला 1977 साली मिळालं. 2002 मध्ये तो गेला तेव्हा त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची राख प्लॅस्टिकमध्ये मिसळून डिस्क बनवल्या. "मेल्यावरसुद्धा बाबा झाडात अडकला असेल कुठेतरी," असं म्हणून तुम्ही त्या दिवसातलं पहिलं हसू हसलात. नंतर मी ते शोधून वाचलं, थापा वाटल्या होत्या मला. खरं निघालं.

आता थोडं त्या कंपूबद्दल, मग थांबते. मध्यंतरी त्यांच्यातला एक जण भेटला. "सुधारलीस की! आम्हीच पाया घातला." मी म्हटलं, हो, पाया तर घातलातच, कारण मला पळून जायला जागा तुमच्यामुळेच लागली. त्याला बहुधा कौतुक वाटलं. असू दे. पण पुढच्या वेळी नवशिक्यांना बोलावतील तेव्हा एखादी हळू वेगाची डिस्क जवळ ठेवावी आणि कोणी डावखुरं आलं तर चार पावलं चालून त्याच्या बाजूला जाऊन उभं राहावं. याला पैसे पडत नाहीत.

काका, तुम्ही हे वाचाल की नाही, माहीत नाही. वाचलंत तर "एवढं काय त्यात" म्हणाल, तेही माहीत आहे. त्यात काय होतं ते वर लिहिलंय, वाद घालू नका.

परवा नवशिक्यांत एक डावखुरा मुलगा आला होता. त्याच टीवर, त्याच झाडामागे अडकलेला. मी त्याला फोरहँड दाखवला. मला निदान उजवा हात वापरून बघावा लागला नाही, तेवढी माझी सोय. पण दुसरी एक मुलगी उजव्या हाताची आहे आणि तळ्याजवळच्या होलवर रोज रडते. तिच्यासाठी मी उजव्या हाताने टाकून बघितलं. डिस्क तळ्यात गेली. नंबर लिहिलेला आहे, पण पाण्यातून फोन कोण करणार?

तेव्हा एक मागणी आहे. एकदा पूर्ण कोर्स खेळू या, तुम्ही डाव्या हाताने आणि मी उजव्या. दंड ज्याचा त्याने सांगायचा. डिस्क तळ्यात जाणारच, म्हणून जुन्याच आणा, आणि तो झिजलेला पटर मात्र घरी ठेवून या.

तुमची,
वसतिगृहाच्या कोपऱ्यावरची डावखुरी