हवालदार दादा, तुम्ही 'दहा' खोडलंत त्याबद्दल

हवालदार दादा, नमस्कार.

तुम्हाला न विचारता तुमचं नाव इथे लिहिणं बरं दिसणार नाही, म्हणून लिहीत नाही. वाचलंत की कळेलच तुम्हाला.

त्या रात्री सिडकोतल्या आमच्या गल्लीत टवाळखोरांनी उभ्या गाड्या फोडल्या आणि सकाळी कुणीतरी माझ्या मुलाचं नाव घेतलं. १९ वर्षांचा पोरगा, सातपूरला आयटीआय करतो. केस वाढवलेत, संध्याकाळी कट्ट्यावर बसतो. नाव घ्यायला लोकांना एवढं पुरतं.

पोलिस घरी येणार म्हटल्यावर माझ्या पोटात गोळा आला. गेल्या वर्षी शहराच्या दुसऱ्या टोकाला एका नाक्यावर याला आणि याच्या मित्रांना अडवलं होतं. काही न विचारता कानाखाली मारली, भर रस्त्यात उठाबशा काढायला लावल्या. बघणारे मोबाइलवर शूटिंग करत होते. पोरांनी काय केलं होतं, ते आजवर आम्हाला कुणी सांगितलेलं नाही. तेव्हापासून खाकी दिसली की हा रस्ता बदलायचा. ज्यांनी हे केलं त्यांना मी माफ केलेलं नाही.

तुम्ही आलात ते साध्या कपड्यांत, स्वतःच्या स्कूटरवर. बूट दाराबाहेर काढलेत. शेजारच्या एकाही गॅलरीतून मान बाहेर आली नाही. याला म्हणालात, "आधी बस. मग सांग." तो सांगत गेला, तुम्ही लिहीत गेलात. मग सगळं वाचून दाखवलंत आणि विचारलंत, "बरोबर लिहिलंय ना बाळा? चुकलं असेल तर बोल."

तो चाचरत म्हणाला, "काका, दहा नाही, साडेनऊला घरी आलो मी."

तुम्ही 'दहा' खोडलंत. वर 'साडेनऊ' लिहिलंत. आणि ती ओळ पुन्हा वाचून दाखवलीत.

पुढे तपास कसा झाला, कोण सापडलं, त्यात मला शिरायचं नाही. माझ्या मुलाचा संबंध नव्हता, हे तुम्ही स्वतः येऊन सांगितलंत. पण दादा, ती खोडलेली ओळ माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. पोलिसाने माझ्या पोराच्या शब्दावर आपलं लिहिलेलं खोडलं! तुम्ही गेल्यावर हा बराच वेळ तिथेच बसून होता. मग म्हणाला, "आई, त्यांनी ऐकलं गं." आणि रडला.

माझं माहेर भिवंडीचं. १९८४ ची दंगल मी लहानपणी पाहिली आहे. पुढे सुरेश खोपडे साहेब तिथे पोलिस उपायुक्त असताना मोहल्ला समित्या झाल्या. बीटवरचा साधा पोलिस आणि गल्लीतली हिंदू-मुसलमान माणसं एकत्र बसू लागली. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली, पण भिवंडी शांत राहिली. मोठे साहेब चांगले लागतातच, पण दारात येतो तो हवालदार. तो माणसासारखा वागला तर खातं आपलं वाटतं. असे खूपजण खात्यात असतील, त्यांच्याबद्दल कुणी लिहीत नाही, म्हणून मी लिहिते आहे.

परवा रात्री गल्लीत अनोळखी पोरं गाड्यांजवळ घुटमळत होती. ११२ ला फोन यानेच केला, स्वतःचं नाव सांगून. वर्षापूर्वी त्याने खिडकी लावून घेतली असती.

त्या दिवशी ड्युटीवर आहे म्हणून चहा नको म्हणालात, नुसतं पाणी प्यायलात. आता सुट्टीच्या दिवशी या, वहिनींनाही घेऊन या. काका पुन्हा कधी येणार म्हणून हा सारखा विचारतो.

तुमची,
त्या पोराची आई
सिडको, नाशिक