गावी जाण्याआधी एकटीचा हिशेब मांडा

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

निवृत्तीनंतर शहर सोडून कोकणात स्वस्तात राहा, अशा आशयाचे लेख आणि जाहिराती आपल्या रविवारच्या पुरवणीत हल्ली नेमाने येतात. त्यात घरांचे भाव असतात, मासळीचे भाव असतात, मोकळ्या हवेचे कौतुक असते. यजमानांच्या निवृत्तीनंतर आम्ही डोंबिवली सोडून कुडाळला आलो. ते गेल्यानंतरही मी इथेच राहते आहे, म्हणून चार शब्द लिहिते. माझे सांगणे एकच आहे. तुटपुंज्या पेन्शनवर गावी जाण्याचा निर्णय दोघांच्या खर्चाचा हिशेब करून घेऊ नका. दोघांतले एक गेल्यावर जे मागे राहील, आणि बहुतेक घरांत ती बाईच असते, तिचा हिशेब आधी मांडा.

खासगी कंपनीतल्या माणसाची पेन्शन म्हणजे ईपीएस-९५, भविष्य निर्वाह निधीची १९९५ची पेन्शन योजना. शेजारच्या निवृत्त शिक्षकांना तिचा आकडा सांगितला की त्यांचा विश्वास बसत नाही. हातात पगार कितीही पडत असला तरी पेन्शनसाठी धरला जाणारा पगार बहुतेकांच्या बाबतीत आधी ६,५०० रुपयांवर आणि सप्टेंबर २०१४पासून १५,००० रुपयांवर थांबवलेला. त्याला नोकरीच्या वर्षांनी गुणायचे आणि ७०ने भागायचे. पंचवीस वर्षे घाम गाळून कित्येकांच्या हाती महिना तीन-साडेतीन हजार रुपये येतात. त्यावर महागाई भत्ता नाही. पहिल्या महिन्यात जो आकडा मिळाला तोच शेवटच्या महिन्यात. नवरा गेला की विधवेला त्याच्या निम्मे. किमान पेन्शन १,००० रुपये ठरली ती सप्टेंबर २०१४ मध्ये, आणि आजही ती तिथेच आहे.

आता उदाहरण घ्या. नवऱ्याची पेन्शन ३,२०० रुपये. फंडाचे आणि ग्रॅच्युइटीचे मिळून १५ लाख रुपये पोस्टात ज्येष्ठ नागरिक योजनेत ८.२ टक्क्यांनी ठेवले, तर दर तिमाहीला ३०,७५० म्हणजे महिना १०,२५० रुपये व्याज. दोन्ही मिळून साडेतेरा हजारांच्या आत. डोंबिवलीत सोसायटीचा मेंटेनन्स, वीज, गॅस, औषधे आणि किराणा यांत हे पैसे पंधरवड्यात संपतात. कुडाळला महिना निघतो. घर स्वतःचे असेल, परसात चार नारळ आणि शेवग्याचे झाड असेल, तर बरा निघतो. इथपर्यंत जाहिरातवाले खोटे बोलत नाहीत.

पण बायको नवऱ्याहून चार-पाच वर्षांनी लहान असते, आणि सहसा जास्त जगते. नवरा साठीत निवृत्त झाला तेव्हा ती पंचावन्नची. ती ऐंशीची होईपर्यंत पंचवीस वर्षे जायची. महागाई वर्षाला सहा टक्के धरली तर खर्च बारा वर्षांत दुप्पट होतो आणि चोवीस वर्षांत चौपट. आज दहा हजारांत भागणारा महिना तेव्हा चाळीस हजार मागेल. तिच्या हातात मात्र १,६०० रुपये पेन्शन आणि तेच व्याज, तेही दर कमी झाला नाही तर. दोघांची एकटी झाली म्हणून विजेचे बिल निम्मे होत नाही, घरपट्टी निम्मी होत नाही, रिक्षावाला निम्मे भाडे घेत नाही. स्वस्त गावी गेल्याने ही महागाई टळत नाही, थोडी उशिरा पोचते एवढेच.

म्हणून माझा पहिला आग्रह: शहरातली जागा विकण्याची घाई करू नका. आम्ही ती विकली नाही, भाड्याने दिली. आमच्या सगळ्या मिळकतीत वर्षागणिक वाढणारी रक्कम ती एकच आहे, आणि आज माझे घर तिच्यावर उभे आहे. विकायचीच असेल तर कराचे आधी विचारून घ्या. जुन्या जागेवर ८० लाख नफा झाला आणि गावी ३० लाखांचे घर घेतले, तर उरलेल्या ५० लाखांवर कर लागतो. तो वाचवायचा तर सहा महिन्यांच्या आत ठरावीक सरकारी कंपन्यांच्या रोख्यांत पैसे घालावे लागतात, आणि ते पाच वर्षे अडकतात. शिवाय एकदा मुंबईच्या आसपासची जागा गेली की पेन्शनवर जगणाऱ्याला ती पुन्हा घेता येत नाही. परतीचा रस्ता बंद करण्याआधी एक वर्ष गावी भाड्याने राहून बघा. त्यात पावसाळा आलाच पाहिजे. आगोटीची बेगमी म्हणजे पावसाळ्याआधीची साठवण, कौले परतणे, पाऊस आत येऊ नये म्हणून झावळ्यांच्या झडी बांधणे, माकडांनी फोडलेली कौले भर पावसात बदलायला गडी शोधणे, वीज गेल्यावर काळोखात काढलेली रात्र, हे सगळे त्यात आले. आणि मे महिनाही आला पाहिजे. आमच्या शेजारच्या आजींनी आम्हाला सुरुवातीलाच बजावले होते, “घराच्या आधी बाव बघा, ती पण मे म्हयन्यात.” बाव म्हणजे विहीर. याहून चांगला सल्ला मला कुणी दिला नाही.

आता दवाखान्याचे. ओरोसला जिल्हा रुग्णालय आहे, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले आहे, १०८ची गाडी आहे. तरी हृदयाचे किंवा मेंदूचे दुखणे उलटले की सिंधुदुर्गातली माणसे गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयाची वाट धरतात. कुडाळहून तो दीड-दोन तासांचा रस्ता आहे. सत्तरी ओलांडलेल्यांना ऑक्टोबर २०२४पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते. त्यात कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार आहेत, आणि ते प्रत्येकाने काढलेच पाहिजे. पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावरचे. रक्तदाब, साखर, थायरॉइड यांच्या दरमहाच्या गोळ्या त्यात येत नाहीत, तपासणीला जायचे गाडीभाडे येत नाही, आणि सोबत कोण येणार, हा प्रश्न तर कुठल्याच कार्डावर सुटत नाही. नवरा आजारी असतो तेव्हा बायको सोबत असते. बायको आजारी पडते तेव्हा ती पुष्कळदा एकटी असते. आरोग्य विम्याचेही तपासा. काही पॉलिसींत लहान गावचा पत्ता दिला की हप्ता कमी होतो, पण उपचार मुंबईत घेतले तर बिलाचा काही भाग स्वतःच भरावा लागतो. आणि मोठ्या आजारात मुले मुंबईलाच बोलावतात.

कागदपत्रांबद्दल बायकांना मुद्दाम सांगते, कारण पुरुष हा विषय पुढे ढकलतात. गावचे घर वडिलोपार्जित असेल तर घराच्या उताऱ्यावर आणि सातबारावर चुलत्यांची, आत्यांची, त्यांच्या मुलांची किती नावे आहेत ते नवरा असतानाच बघा. जिथे नवऱ्याला सगळे ‘आमचो’ म्हणत होते, तिथे त्याच्या मागे सुनेला परकी ठरवायला वेळ लागत नाही. मी हे आमच्या पंचक्रोशीत डोळ्यांनी पाहिले आहे. स्वतंत्र घर असेल तर खरेदीतच दोघांची नावे घाला. नंतर करायचे तर महाराष्ट्रात राहत्या घराचे बक्षीसपत्र पत्नीच्या नावे करताना मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, बाकीचा खर्च वेगळा. पोस्टातले खाते जोडीदारासह संयुक्त ठेवा. आणि ‘बंगलो प्लॉट’ घेताना बिगरशेतीचा आदेश हातात घेऊन वाचा. १९४८च्या कूळकायद्याप्रमाणे जो शेतकरी नाही त्याला शेतजमीन सहसा घेता येत नाही. ऐन म्हातारपणात तलाठी आणि तहसील कार्यालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागू नयेत.

काही गोष्टी सुधारल्या आहेत, त्याही नोंदवते. जानेवारी २०२५पासून ईपीएसची पेन्शन देशातल्या कुठल्याही बँकेच्या कुठल्याही शाखेतून घेता येते, गाव बदलले म्हणून कागद एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात हलवावे लागत नाहीत. हयातीचा दाखला मोबाइलवर चेहरा दाखवून देता येतो. एसटीत पंचाहत्तरीपुढच्यांना प्रवास मोफत आहे, बायकांना मार्च २०२३पासून अर्धे तिकीट आहे. तालुक्याच्या गावी एकट्या बाईला या अर्ध्या तिकिटाचा केवढा आधार आहे, ते शहरात बसून कळायचे नाही. रेल्वेने मात्र मार्च २०२०मध्ये ज्येष्ठांची सवलत बंद केली, ती अजून परत दिलेली नाही. अठ्ठावन्न वर्षांपुढच्या बायकांना ५० टक्के आणि साठीपुढच्या पुरुषांना ४० टक्के सवलत होती. मुले मुंबई-पुण्यात आणि आईवडील कोकणात, अशी हजारो घरे आहेत. त्यांच्यासाठी ही सवलत म्हणजे नातवंडांचे तोंड दिसणे आणि मोठ्या डॉक्टरांना दाखवायला जाणे होते. ती पुन्हा सुरू करावी, अशी माझी कळकळीची मागणी आहे.

आणि पेन्शनची. भगतसिंह कोश्यारी यांच्या अध्यक्षतेखालच्या राज्यसभेच्या समितीने २०१३मध्येच किमान ३,००० रुपये आणि महागाईशी जोडणी सुचवली होती. बुलढाण्यात ईपीएस पेन्शनरांनी २०१८मध्ये साखळी उपोषण सुरू केले. साडेसात हजार रुपये आणि महागाई भत्ता ही त्यांची मागणी आहे. तिच्यात विधवांना निम्म्याऐवजी पूर्ण पेन्शन, ही माझी मागणी मी जोडते. घर चालवणारी बाई निम्मी होत नाही.

संपादक महोदय, आपल्याला एक विनंती आहे. कोकणातल्या किंवा घाटमाथ्यावरच्या घरांवर पुरवणी काढाल तेव्हा चौरस फुटाच्या भावाशेजारी आणखी काही छापा: हृदयविकाराचे उपचार होणारे जवळचे रुग्णालय किती लांब आहे, मे महिन्यात पाणी कुठून येते, शेवटची एसटी किती वाजता आहे. आणि त्या गावात एकट्या राहणाऱ्या दोन-तीन बायकांशी बोलून त्यांचा महिन्याचा खर्च छापा. आमच्या तालुक्यात अशा बायका पुष्कळ आहेत. आपला बातमीदार आला तर मी त्यांच्याशी गाठ घालून देईन.

आपली विश्वासू,
एक वाचक, कुडाळ (जि. सिंधुदुर्ग)