फरकाच्या तक्त्यात साम्याचाही रकाना हवा

महोदय,

आपल्या विज्ञान पुरवणीत आदिकेंद्रकी (जिवाणूंसारख्या) आणि दृश्यकेंद्रकी (प्राणी, वनस्पती, बुरशी यांच्या) पेशींमधील फरकाचा तक्ता आला होता. केंद्रक नाही–आहे, पटलवेष्टित अंगके (पातळ आवरण असलेले पेशीतले भाग) नाहीत–आहेत, लहान–मोठी, साधी–गुंतागुंतीची. ‘फरक स्पष्ट करा’ला याने पूर्ण गुण मिळतील. पण कनिष्ठ महाविद्यालयात अनेक वर्षे जीवशास्त्र शिकवल्यावर मला ठामपणे वाटते, की साम्य गाळून सांगितलेला हा फरक मुलांच्या डोक्यात राहत नाही आणि त्याचे मोलही त्यांना कळत नाही.

प्रात्यक्षिकात गालाच्या आतल्या बाजूच्या पेशी काचपट्टीवर घेऊन मेथिलीन ब्ल्यूने रंगवतात. मुले मधला गडद निळा ठिपका, म्हणजे केंद्रक, पाहतात आणि लगेच आकृती काढायला बसतात. मी त्यांना थांबवते आणि त्याच पेशीच्या पसरट अंगावर चिकटलेले बारीक निळे कण पाहायला लावते. ते तोंडातले जिवाणू. गालाची पेशी साधारण ५०-६० मायक्रोमीटर, जिवाणू जेमतेम एक. तक्त्याचे दोन्ही रकाने एकाच दृष्टिक्षेत्रात! आणि केंद्रकातल्या डीएनएला जो रंग धरतो, तोच जिवाणूतल्या न्यूक्लिइक आम्लांनाही धरतो, कारण रसायन एकच आहे. फक्त जिवाणूत डीएनए भोवती पटल नसताना पेशीद्रव्यातच असतो.

आपल्या तक्त्यात सर्वांत शेवटी ‘रायबोझोम : ७०एस – ८०एस’ अशी एक ओळ आहे. माझ्या मते सगळा विषय या एका ओळीत आहे. प्रथिने बांधणारा रायबोझोम दोन्ही पेशींत असतो, काम तेच करतो, पण बांधणी थोडी वेगळी. (जिवाणूच्या ७०एस रायबोझोमचे भाग ३०एस आणि ५०एस, मग बेरीज ८० का नाही, असे मुले हमखास विचारतात. ‘एस’ हे वजन नसून अपकेंद्री यंत्रात तळाशी बसण्याच्या वेगाचे माप आहे, म्हणून बेरीज जुळत नाही.) १९४३ मध्ये सापडलेले स्ट्रेप्टोमायसिन हे प्रतिजैविक जिवाणूच्या ३०एस भागाला जाऊन चिकटते आणि त्याची प्रथिनांची बांधणी बिघडवते. आपल्या ८०एस रायबोझोमवर त्याचा तसा परिणाम होत नाही. क्षयरोगाच्या जिवाणूवर हे औषध चालले ते या फरकामुळे.

पण याच औषधाने काही रुग्णांची ऐकण्याची शक्ती जाते. ते का, हे फरकाच्या तक्त्यातून कधीच कळणार नाही. आपल्या तंतुकणिकांना, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या अंगकांना (मायटोकॉन्ड्रिया), स्वतःचा वर्तुळाकार डीएनए आणि स्वतःचे रायबोझोम असतात, आणि ते जिवाणूंच्या कुळातले आहेत. तंतुकणिका मुळात दुसऱ्या पेशीत वस्तीला आलेले जिवाणू होते, हा विचार जीवशास्त्रज्ञ लिन मार्गुलिस यांनी १९६७ मध्ये नेटाने मांडला आणि आज तो सर्वमान्य आहे. काही कुटुंबांत आईकडून आलेल्या तंतुकणिकेच्या डीएनएमध्ये एक छोटा बदल असतो. त्याने हा रायबोझोम जिवाणूच्या रायबोझोमशी आणखी मिळताजुळता होतो, आणि अशा माणसाला स्ट्रेप्टोमायसिनच्या गटातल्या औषधाच्या नेहमीच्या मात्रेनेही बहिरेपण येऊ शकते. औषध लागू पडते फरकामुळे आणि त्रास देते साम्यामुळे. हे ऐकताना वर्ग कसा स्तब्ध होतो, ते मी पाहिले आहे.

बुरशीचेही तेच. ती दृश्यकेंद्रकी, म्हणजे पेशीच्या बाबतीत आपली जवळची नातेवाईक. त्यामुळे तिला मारून आपल्याला वाचवणारी औषधे शोधणे अवघड जाते. अँफोटेरिसिन बी हे बुरशीविरोधी औषध बुरशीच्या पटलातल्या अर्गोस्टेरॉल या मेदघटकाला पकडते, पण आपल्या पटलातले कोलेस्टेरॉल त्याच धर्तीचे असल्याने मूत्रपिंडांना इजा होऊ शकते.

उलट बाजूने इन्सुलिन घ्या. माणसाच्या इन्सुलिनची जनुकीय माहिती ई. कोलाय या जिवाणूत घातली, तर तो ती वाचून त्याच क्रमाने अमिनो आम्ले जोडतो. १९८२ पासून असे इन्सुलिन औषध म्हणून वापरात आहे. जनुकीय संकेत, म्हणजे डीएनएमधली माहिती वाचण्याची लिपी, सामाईक नसता, तर हे जमलेच नसते.

‘लहान–मोठी’ ही ओळही सरसकट छापू नये. २०२२ मध्ये वर्णन झालेला थायोमार्गारिटा मॅग्निफिका हा जिवाणू सुमारे एक सेंटिमीटर लांब, म्हणजे नुसत्या डोळ्यांनी दिसणारा आहे, आणि त्याचा डीएनए चक्क पटलाच्या पिशव्यांत असतो. अपवाद आहे हे खरे, पण मुलांना तो सांगायलाच हवा.

माझी विनंती एवढीच, की हा तक्ता पुन्हा छापताना तिसरा रकाना जोडावा: डीएनए, प्रद्रव्यपटल (पेशीचे बाहेरचे पटल), रायबोझोम, एटीपी (पेशीतला ऊर्जावाहक रेणू), ग्लुकोजचे विघटन, जनुकीय संकेत. आणि खाली एक प्रश्न द्यावा: पेनिसिलिन जिवाणूची पेशीभित्तिका बनू देत नाही, मग ते आपल्या पेशींना का मारत नाही?

– एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका